अल्पायुषी मेळे

संगीताच्या इतिहासात काही नावे अशी आढळतात, की त्यांच्यापुढे लिहावयास फारसे काही नसते. कोठे जमले, किती दिवस टिकले आणि केव्हा मोडले, एवढीच त्यांची हकीकत. स्वतःची चाल नाही, ध्वनिमुद्रिका नाही, पदक नाही की मानपत्र नाही. तथापि काही वर्षे लोटतात आणि त्याच नावाखाली वावरलेली माणसे जगाच्या रंगमंचावर येऊन उभी राहतात. मग लोक मागे वळून विचारू लागतात, की यांचा पहिला सूर कोठे लागला?

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. गणेशोत्सवातील मेळे आठवून पाहावेत. दहा-बारा दिवसांचे त्यांचे आयुष्य, कोणाच्या तरी वाड्यातील माजघरात झालेल्या तालमी, उसने आणलेले पोशाख. पण पुढे रंगभूमीवर आणि चित्रपटात नावारूपाला आलेल्या अनेक कलावंतांचे पहिले पाऊल या मेळ्यांच्या फळ्यांवरच पडले. आज ज्या मेळ्यांचा विचार करावयाचा आहे, ते मात्र गणपतीपुढचे नव्हेत. त्यांच्या हाती टाळ-मृदंग नव्हते. गिटार, पियानो आणि ड्रम होते. १९६० सालाच्या आगेमागे एक मेळा बंगळूर शहरात उभा राहिला, दुसरा सातारा जिल्ह्यातील पाचगणीला. दोन्ही अल्पायुषी ठरले. दोहोंतील एकेक मुलगा पुढे असा काही गाजला, की त्याचे सूर कानांवर पडले नाहीत असा देश सापडणे कठीण.

हे मेळे जे संगीत वाजवू पाहत होते, त्याची थोडी ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या ध्वनिमुद्रिका तेथील बाजारात बराच काळ ‘वांशिक मुद्रिका’ अशा अपमानास्पद नावाने विकल्या जात. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने ते नाव टाकून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव स्वीकारले. शेतमळ्यांवर राबणाऱ्या माणसांचे दुःख सांगणारे ब्लूज आणि शहरातील नाचघरांचा जोरकस ठेका, यांचा तो मिलाफ होता. त्याची घडण मराठी कानाला फारशी परकी वाटू नये. त्यातील पुष्कळशी गाणी बारा खंडांच्या आवर्तनात बांधलेली असतात. प्रत्येक खंडात चार मात्रा असतात आणि जोर दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो. गायकाने एक ओळ टाकावी आणि साथीदारांनी तिला उत्तर द्यावे, हा त्यातील प्रकार म्हणजे आपल्याकडील शाहीर आणि झीलकरी यांचेच नाते होय.

या संगीताचा आणखी एक गुण असा, की त्याचा पाया अगदी थोडक्या सामग्रीवर उभा आहे. गिटारवर तीन स्वरसंघात, म्हणजे तीन कॉर्ड, बोटांत बसले, की बारा खंडांचे आवर्तन पुरे करता येते. राग आत्मसात करण्यास वर्षे लागतात. येथे महिन्या-दोन महिन्यांत पोरांना काहीतरी वाजवून दाखविता येते. चांगले वाजविण्यास अर्थातच पुष्कळ काळ लागतो. पण आरंभ करणे सोपे, आणि तोही एकट्याने नव्हे तर चौघा-पाचांनी मिळून, ही त्यातील खरी गंमत. १९५५ नंतरच्या दशकात जगभर हजारो शाळकरी पोरांचे मेळे का निघाले, याचे कारण बऱ्याच अंशी या सोपेपणात सापडते.

इंग्लंडमध्ये तर या मेळ्यांचे पीकच आले होते. त्यांपैकी एकाचे उदाहरण येथे पुरे. १९६५ साली लंडनमध्ये लाँग जॉन बॉल्ड्री या गायकाने ‘स्टीमपॅकेट’ नावाचा मेळा जमविला. त्यात रॉड स्ट्युअर्ट होता, ज्युली ड्रिस्कॉल होती, ऑर्गनवर ब्रायन ऑगर होता. पुढील काळात यांतील प्रत्येकाने आपापले नाव केले. रॉड स्ट्युअर्टच्या ध्वनिमुद्रिका तर कोट्यवधी खपल्या. पण चौघे एकत्र होते तेव्हा या मेळ्याची एकही अधिकृत ध्वनिमुद्रिका बाहेर पडली नाही, आणि १९६६ सालीच तो मोडला. बॉल्ड्री त्यानंतर ज्या दुसऱ्या मेळ्यात गेला, त्यात रेजिनल्ड ड्वाइट नावाचा एक पियानोवादक होता. या तरुणाने मेळ्यातील दोघा साथीदारांची नावे जोडून स्वतःचे नवे नाव तयार केले. जग त्याला एल्टन जॉन म्हणून ओळखते. मेळा जातो आणि त्यातील ‘जॉन’ एवढा शब्द दुसऱ्याच्या नावात उरतो, असा हा प्रकार आहे.

हे वारे हिंदुस्थानात ज्या वाटांनी आले, त्यांतील एक वाट बंगळूरची. या शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्ड म्हणून वस्ती आहे. आज तिचे नाव घेतले की संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात, आणि तेथे नोकरी करणाऱ्या मराठी तरुण-तरुणींची संख्याही लहान नाही. परंतु १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी ही जमीन, सुमारे ३,९०० एकर, यूरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाच्या संस्थेला दिली, तेव्हा हेतू अगदी निराळा होता. डी. एस. व्हाइट हे त्या संस्थेचे पुढारी. आपल्या समाजाने केवळ सरकारी नोकरीच्या आशेवर राहू नये, शेती-बागायत करून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असे त्यांना वाटत असे. त्यांचेच नाव वस्तीस मिळाले. मध्ये मोकळी हिरवी जागा, भोवती वर्तुळाकार रस्ता, त्याच्या कडेने कौलारू बंगले आणि जवळच प्रार्थनामंदिर, अशी तिची मूळ मांडणी.

शेतीचे ते स्वप्न फारसे फळास आले नाही. या समाजातील पुष्कळ लोक रेल्वे, तारखाते, शाळा आणि रुग्णालये यांतच काम करीत राहिले आणि १९४७ नंतर अनेक कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघून गेली. परंतु एक गोष्ट या समाजाने बंगळूरच्या हवेत ठेवली. व्हाइटफील्डच्या बंगल्यांपासून शहराच्या लष्कर भागापर्यंत, घरात पियानो असणे, रविवारी समूहगायनात उभे राहणे आणि नाताळात नाचाला जाणे, यांत कोणाला काही विशेष वाटत नसे. १८०९ साली इंग्रजांनी येथे छावणी वसविल्यापासून पलटणींची वाद्यपथके होती. कबन पार्कातील बँडस्टँड आजही त्यांची आठवण देतो. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला इंग्रजी गाणे परदेशी आहे, हे कोणीतरी मुद्दाम सांगावे लागे.

या बंगळुरात दुसरे महायुद्ध संपता संपता बिद्दू अप्पय्या हा मुलगा जन्मला. कुटुंब कोडगू प्रांतातील. मुलगा अँग्लो-इंडियन नव्हता. पण लष्कर भागातील हवा ही कोणा एका समाजाची मालमत्ता थोडीच होती? रेडिओ सिलोनवरून येणारी गाणी त्याच्या कानांत बसली. गिटार हाती आली. मित्रांना घेऊन त्याने ‘ट्रोजन्स’ नावाचा मेळा काढला. विशीच्या आतबाहेरची ही पोरे बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांची गाणी जशीच्या तशी वाजवीत, आणि रोलिंग स्टोन्स हे त्या काळी स्वतःच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची ऱ्हिदम अँड ब्लूजची गाणी वाजवून मोठे झालेले होते. म्हणजे बंगळूरची मुले नकलेची नक्कल करीत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही या मेळ्याला बंगळूरच्या क्लबांत मागणी आली, कलकत्त्यात आली, मुंबईत आली. इंग्रजीत गाणारे जे पहिले हिंदी तरुण मेळे लोकप्रिय झाले, त्यांत ट्रोजन्सची गणना होते. परंतु दोन-चार वर्षांतच मेळा मोडला. मागे राहिलेला एकटा बिद्दू मुंबईस आला आणि ‘लोन ट्रोजन’, म्हणजे ‘एकटा ट्रोजन’, असे नाव घेऊन गाऊ लागला. मोडलेल्या मेळ्याचे नाव एकट्याने खांद्यावर वागवीत फिरणारा हा तरुण १९६७ साली मध्यपूर्वेच्या खुष्कीच्या मार्गाने इंग्लंडला जाऊन पोहोचला. आरंभी पोटासाठी मिळेल ते काम करावे आणि उरल्या वेळी गाणी रचावीत, असे दिवस त्याने काढले.

सात वर्षांनी, १९७४ साली, तो एका गाण्याचे ध्वनिमुद्रण करीत होता. गायक जमैकात जन्मलेला कार्ल डग्लस. मुख्य गाण्यातच ठरलेला बहुतेक वेळ संपला. मुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी हवे म्हणून उरलेल्या थोड्या मिनिटांत घाईघाईने एक गाणे भरण्यात आले. ते ‘कुंग फू फायटिंग’. मुद्रिका विकणाऱ्या कंपनीने बाजू उलटविली आणि दुसऱ्या बाजूचे गाणे पहिले केले. त्याच वर्षी ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि डिसेंबरात अमेरिकेतही. १९७६ साली टीना चार्ल्सने गायिलेले त्याचे आणखी एक गाणे इंग्लंडात पहिले आले. मग १९८० साली ‘कुर्बानी’ चित्रपटासाठी लंडनमध्ये त्याने ‘आप जैसा कोई’ हे गाणे तयार केले. गाणारी मुलगी, नाझिया हसन, कराचीच्या कुटुंबातील, वय अवघे पंधरा. १९८१ साली ‘डिस्को दीवाने’ आले आणि १९९५ साली अलिशा चिनॉयच्या आवाजातील ‘मेड इन इंडिया’. चित्रपटाचा आधार नसलेले गाणे या देशात घरोघरी पोहोचू शकते, हे या शेवटच्या गाण्याने बाजाराला पटवून दिले. बंगळूरच्या क्लबात दुसऱ्यांची गाणी हुबेहूब गाणारा मुलगा तीस वर्षांनी आपल्या देशाचे नाव असलेले गाणे घेऊन परत आला होता.

दुसरा मेळा याच्याही थोडा आधीचा, आणि तो मराठी मुलखातला. पाचगणी हे कृष्णेच्या खोऱ्यावरील गाव सुमारे चार हजार फूट उंचीवर वसलेले आहे. थंड हवेमुळे इंग्रजी राजवटीत तेथे निवासी शाळा निघाल्या. त्यांपैकी सेंट पीटर्स या शाळेत १९५५ च्या सुमारास आठ वर्षांचा एक पारशी मुलगा येऊन दाखल झाला. नाव फरोख बलसारा. आडनाव बलसाडवरून आलेले; पण जन्म १९४६ चा आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबार बेटातला. वडील तेथे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आई-वडील समुद्रापलीकडे, जवळची नातलग मंडळी मुंबईत, आणि मुलगा डोंगरावरील वसतिगृहात. कित्येक सुट्याही त्याने मावशीकडे किंवा शाळेतच काढल्या असतील, हे सांगावयास नको. शाळासोबती त्याला ‘फ्रेडी’ म्हणू लागले आणि पुढे आलेल्या दातांवरून ‘बकी’ असे चिडवूही लागले.

या मुलाला संगीताचा कान आहे, हे शाळेच्या ध्यानात आले. मुख्याध्यापकांनी घरी पत्र लिहून सुचविले, की थोडी जास्त फी भरल्यास त्याला पियानो शिकविता येईल. घरच्यांनी रुकार दिला. चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा त्याने दिल्या. समूहगायनातही तो उभा राही. आणि १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून एक मेळा काढला. त्याचे नाव ‘द हेक्टिक्स’. ब्रूस मरे पुढे उभा राहून गात असे. डेरिक ब्रँच गिटार वाजवी. व्हिक्टरी राणा या नेपाळच्या मुलाकडे ड्रम होते. फरांग इराणी याच्याकडे खर्जाचे वाद्य होते, आणि ते चहाच्या खोक्याला काठी व तार लावून घरगुती युक्तीने केलेले. फरोख पियानोवर बसे आणि मागून साथीचा सूर धरी. म्हणजे पुढे ज्याच्या आवाजाने भलीमोठी क्रीडांगणे दणाणून गेली, तो या मेळ्यात मुख्य गायक नव्हता.

लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो आणि क्लिफ रिचर्ड हे त्यांचे आदर्श. यांपैकी पहिले दोघे ऱ्हिदम अँड ब्लूजच्या परंपरेतील बिनीचे शिलेदार, आणि दोघेही पियानोवर बसून गाणारे. तिसरा क्लिफ रिचर्ड लखनौत जन्मलेला, म्हणजे एका अर्थी आपल्याच मुलखातून गेलेला. शाळेचे संमेलन, वार्षिक उत्सव, शेजारच्या मुलींच्या शाळेतून आलेल्या प्रेक्षक, एवढेच हेक्टिक्सचे जग. गावाबाहेर त्यांचे नाव कोणाच्या कानी गेले नाही. १९६२ च्या सुमारास शाळा संपत आली, तसा मेळाही संपला. त्यांचे वाजविलेले काहीही मुद्रित झालेले नाही. ते कसे वाजवीत, हे सांगण्यास त्या वेळच्या सोबत्यांच्या आठवणींपलीकडे साधन नाही.

पाच मुले पाच वाटांनी गेली. फरोख १९६३ साली झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला बेट सोडून इंग्लंडला जावे लागले. लंडनजवळ फेल्टम येथे त्यांनी बिऱ्हाड केले. फरोखने चित्रकलेच्या शाळेत शिक्षण घेतले. नंतरही तो एकदम प्रसिद्धीस आला असे नव्हे. १९६९ आणि १९७० या दोन वर्षांत तो आणखी दोन-तीन मेळ्यांत गायला, आणि तेही सर्व अल्पायुषीच ठरले. १९७० साली ‘क्वीन’ हा मेळा उभा राहिला आणि फरोख बलसारा फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या त्याच्या गाण्याने इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिले स्थान सोडले नाही. पियानोच्या आधाराने रचलेले आणि एकावर एक चढविलेल्या साथीच्या आवाजांनी भरलेले ते गाणे ऐकताना, पाचगणीला पियानोवर बसून मागचे सूर धरणाऱ्या मुलाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

इतरांची हकीकतही ऐकण्याजोगी आहे. डेरिक ब्रँच इंग्लंडमध्ये नट झाला. १९८४ च्या ‘द ज्युएल इन द क्राउन’ या दूरदर्शन-मालिकेत आणि १९८५ च्या ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ या चित्रपटात त्याची कामे आहेत. त्याआधी एका विनोदी मालिकेत त्याने रुग्णालयातील परिचारकाची भूमिका केली होती, आणि मौजेची गोष्ट अशी, की त्या पात्राचे आडनाव चक्क ‘गुप्ते’ होते. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात चढत चढत जनरल झाला आणि १९९९ पासून सायप्रस बेटावरील संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे त्याने नेतृत्व केले. शाळेत ठेका धरणारा मुलगा पुढे दोन वैरी समाजांच्या मधल्या रेषेवर तोल राखीत उभा होता. ब्रूस मरे इंग्लंडला गेला. फरांग इराणी मात्र महाराष्ट्रातच राहिला. पुण्यात त्याने उपाहारगृह चालविले. जगातल्या कोणत्याही यशाच्या यादीत कदाचित त्याचे नाव नसेल. पण चहाच्या खोक्यातून खर्जाचा सूर काढणारा तो नसता, तर बाकीच्या चौघांच्या गाण्याला बूड राहिले नसते.

या दोन मेळ्यांना जोडणारा एक धागा नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष वाटेल. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. अभिजात संगीताला राजाश्रय राहिला नाही, तेव्हा लोकशाहीतील शासनाने त्याचा सांभाळ केला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यातून कितीतरी थोर गवयांना आधार मिळाला, हे निर्विवाद आहे. पण त्याच आग्रहातून आकाशवाणीवरील चित्रपटसंगीत जवळजवळ बंद झाले. परिणाम असा झाला, की देशभरातील काटे रेडिओ सिलोनकडे वळले. हिंदी गीतांसाठी लोक तिकडे गेले, आणि बंगळूरच्या बिद्दूसारखी मुले इंग्रजी गाण्यांसाठी. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तेव्हा आकाशवाणीने आपले दार पुन्हा उघडले. पण मधल्या पाच वर्षांत एका पिढीचे कान घडून गेले होते. अभिरुची उंचावण्याची इच्छा कितीही शुद्ध असली, तरी कान कोणी दारात अडवून धरू शकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

आता या साऱ्यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ही मुले करीत होती ती केवळ नक्कल होती. परक्यांची भाषा, परक्यांचा ठेका, परक्यांचीच केशरचना. आपल्या मातीतले असे त्यात काय होते? गुणी मुलांनी आपली उमेदीची वर्षे यात का घालवावीत? अनेक वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न त्या काळी पोटतिडकीने विचारला असेल, आणि त्याला उडवून लावणे योग्य नाही. कारण नुसत्या नकलेवर थांबलेले मेळेही शेकड्यांनी होते, आणि त्यांचे आज काहीच उरलेले नाही.

परंतु संगीतातील परके आणि आपले यांची सीमा मराठी माणसाने तरी जपून आखावी. बाजाची पेटी युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षे तिला आपल्या दारात उभे केले नाही. तरीही त्याच पेटीवाचून नाट्यसंगीताची कल्पना करवत नाही. व्हायोलिन तेथूनच आले. सी. रामचंद्र हे अस्सल मराठी संगीतकार. त्यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात चिक चॉकलेट या गोमंतकीय जाझवादकाची साथ घेतली आणि १९५७ च्या ‘आशा’त ‘ईना मीना डीका’ला थेट रॉक अँड रोलचा ठेका दिला. त्या चाली आज कोणाला परक्या वाटतात? परके ते आपले होण्यास मधे एक काळ जावा लागतो, आणि तो काळ बहुधा नकलेचाच असतो. गुरूपुढे बसलेला शिष्य वर्षानुवर्षे गुरूची तान जशीच्या तशी घोकतो, त्यालाही आपण नक्कल म्हणत नाही, तालीम म्हणतो. फरक एवढाच, की पाचगणीच्या आणि बंगळूरच्या मुलांपुढे गुरू प्रत्यक्ष बसलेला नव्हता. तो मुद्रिकेच्या तबकडीत आणि लहरींच्या खरखरीत लपलेला होता. म्हणून ते एकमेकांचे गुरू झाले. कोणाचा ठेका धावतो, कोणाचा सूर उतरतो, कोण दुसऱ्याचे ऐकतच नाही, हे पाच जण एकत्र वाजवू लागले की पहिल्या दिवशीच उघडे पडते.

म्हणूनच अल्पायुषी मेळा मोडला, म्हणजे तो फसला, असे समजण्याचे कारण नाही. त्याचे काम शिकविण्याचे असते आणि शिकून झाले की तो मोडावयाचाच. ट्रोजन्स वीस वर्षे टिकते, तर बिद्दू वीस वर्षे दुसऱ्यांचीच गाणी गात राहिला असता. हेक्टिक्समध्ये मागे बसलेल्या मुलाला आपण पुढे उभे राहू शकतो, हे कळण्यास तो मेळा मागे टाकावाच लागला.

मात्र असे मेळे उगवण्यास काही गोष्टी लागतात आणि त्या फार खर्चाच्या नसतात. शाळेतील एक सुरात लावलेला पियानो किंवा पेटी. संध्याकाळी रिकामी असणारी एक खोली. मुलाच्या अंगी काय आहे हे पाहून घरी पत्र धाडणारा एखादा शिक्षक. आणि वाईट वाजविले तरी टाळ्या देणारे, निदान हुसकून न लावणारे श्रोते. दप्तरी नोंद यांतील कशाचीच राहत नाही. अनुदानाच्या अर्जात तिला रकाना नसतो. कारण फळ कोणते येणार, हे त्या वेळी कोणीच सांगू शकत नाही. सेंट पीटर्सच्या मुख्याध्यापकांनी ते पत्र लिहिले, तेव्हा आपण जगाच्या संगीताच्या इतिहासात काही करीत आहोत, असे त्यांच्या मनातही आले नसेल. वसतिगृहात एकट्या पडलेल्या मुलाला विरंगुळा मिळावा, एवढाच त्यांचा हेतू असणे शक्य आहे.

व्हाइटफील्डच्या जुन्या वर्तुळाकार रस्त्यावर आता मोटारींची दाटी असते, आणि २०२३ साली मेट्रो गाडीही तेथवर येऊन पोहोचली. शेती करण्यासाठी वसविलेल्या त्या गावात आज देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली तरुण मुले-मुली दिवसभर संगणकापुढे बसतात. त्यांतील काही जण संध्याकाळी गिटार काढून एखाद्या गच्चीवर जमत असतील आणि शेजारी तक्रारही करीत असतील. पुण्यात, नागपुरात, सोलापुरात, बेळगावात हेच चालले असेल. त्यांतले बहुतेक मेळे वर्ष-दोन वर्षांत मोडतील. कोणाची बदली होईल, कोणाचे लग्न होईल, कोणाचा उत्साह ओसरेल. त्यांच्यापैकी कोण बिद्दू होईल, कोण जनरल होईल आणि कोण पुण्यात उपाहारगृह चालवील, हे आज ओळखण्याची गरजही नाही. भिंतीपलीकडून येणारा ठेका थोडा चुकत असला, तरी दार ठोठावण्यापूर्वी शेजाऱ्यांनी त्यांना आणखी एक गाणे पुरे करू द्यावे.